अण्णानं वाचवलेल्या बांगड्या

रविवार, सांज. हळ्ळीखेड.

आज भाचीचं लग्न. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती आत्यानंच लावायची, हा तिचा हट्ट. मी बांगड्या मागं सारून काडी ओढली, तेवढ्यात अण्णानं मनगट धरलं.

"तू मागं बस. पाहुणे कुरकुर करायलेत."

"कामून?"

"तुला कळत न्हाई व्हय?"

कळलं. विधवेचा हात नको. आपण बौद्ध, आपण हे सगळं सोडलंय, असं गावभर सांगणारा माझा सख्खा भाऊ! हे गेले तेव्हा शेजारणी त्यांच्या रीतीनं माझ्या बांगड्या फोडायला आल्या, तर त्यानंच त्यांना दारातून परत लावलं होतं. आज त्याच्याच मुठीत एक पिचली.

शेजारणी निदान आधी माझ्या गळ्यात पडून रडल्या तरी होत्या.