सुया नकोत, बंट शिका!

१२ जून, सकाळी ६
माझं पत्र छापून आलं! आमच्या आयोवातल्या गावाच्या पेपरात, गाईंच्या लिलावाच्या बरोब्बर वर. 'आजचे बेसबॉलवाले सुया टोचून दंड फुगवतात आणि होमरन म्हणून चेंडू कुंपणापार हाणून स्वतःचाच फटका बघत उभे राहतात. आमच्या वेळी बंट होता. चेंडू बॅटनं अलगद टेकवायचा आणि जीव खाऊन पळायचं!' नदीन म्हणाली, हे तिसरं पत्र, आता पुरे. बायकोला खेळातलं काय कळतंय?
संकल्प: रोज पन्नास बंट. गावातल्या मुलांच्या टीमला नवा कोच हवाय. टीम चालवणाऱ्या मिसेस गुंडरसन चार जुलैचा सामना बघून ठरवणार. ठरवायचंय काय त्यात? मीच.

१३ जून
बंट ९. अंगठा सुजला. चेंडूची चूक.

१५ जून
कंबर धरली. चोपन्न म्हणजे काही वय नव्हे.

१८ जून
पुतण्या किप जिम चालवतो. त्यानं गोळ्या दिल्या, रोज दोन. बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे लपवण्यासारखं काही नसणार. किप म्हणाला, काका, याबद्दल पेपरात लिहू नका हं. मी कशाला लिहू? माझा विरोध सुयांना आहे. ही गोळी आहे.

२४ जून
दंड अर्धा इंच वाढला. टेप सैल धरली तर पाऊण. पाठभर पुटकुळ्या. नदीन म्हणाली, सोळाव्या वर्षीही तुला एवढ्या नव्हत्या. आज टोस्टरवर ओरडलो, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर, मग चर्चमध्ये पाद्रीबाबांवर. पण त्यांचं प्रवचन लांबलंच होतं.
बंट ०. बंट रक्तातच आहे, सराव कशाला? होमरनचे चाळीस फटके मारले. शत्रूची चाल माहीत असावी.

५ जुलै
कालचं लिहून टाकतो.
आम्ही पन्नाशीवाले विरुद्ध अग्निशमन दल. शेवटचा डाव, बरोबरी, दोन बाद, आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर. त्यांचा तिसऱ्या बेसवाला पार मागे उभा, म्हणजे बंटला पुढे मोकळं रान. आमच्या मॅनेजर डॉयलनं टोपीला हात लावून पट्टा ओढला: बंट कर! खूण मीच त्याला शिकवलेली.
पण चेंडू असा काही मस्त आला म्हणता! हाणला. काय उडाला! मी बॅट भिरकावली, हात कमरेवर ठेवले आणि बघत राहिलो. डॉयल बोंबलत होता, पळ रे गाढवा, पळ! मला वाटलं, कौतुक करतोय.
चेंडू कुंपणाच्या माथ्यावर आपटून आत आला. त्यांच्यातला दातांचा डॉक्टर ओरिन, त्यानं तो थेट पहिल्या बेसला फेकला. मी चार पावलं चाललो होतो. बाद. मी पहिला बेस गाठला नाही म्हणून तिसऱ्यावरून आलेल्याची धावही धरली नाही. मग त्यांची फलंदाजी आली आणि त्यांनी सामना मारला.
वाऱ्याची दिशा चुकीची होती.

८ जुलै
मिसेस गुंडरसनचा फोन. कोच ओरिन. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? उरलेल्या गोळ्या सिंकमध्ये ओतल्या.
त्यांना एक परवानगीही हवी होती. त्यांच्या नवऱ्यानं माझ्या फटक्याचा व्हिडिओ घेतलाय, तो पहिल्या दिवशी मुलांना दाखवायचाय. माझ्या जीवात जरा जीव आला. विचारलं, कुठल्या धड्यासाठी?
 बाई म्हणाल्या, सगळ्याच.