पिवळं राहिलं तर

४ मार्च, सोमवार

आजही सगळं लाल. सहा पानं, दोन मुळं, एक शेवाळ — एकानेही एन्झाइमला हात लावला नाही.

हे एन्झाइम जिवाणू बनवतात आणि त्याचं काम एकच, अँटिबायोटिकचे तुकडे करायचे. आम्ही झाडपाल्यात असं काहीतरी शोधतोय जे या एन्झाइमलाच जखडून ठेवील. प्लेटच्या खळग्यात पिवळं द्रावण असतं. एन्झाइम चालू असेल तर ते लाल होतं, बंद पडलं तर पिवळं राहतं. निकाल बालवाडीतलं पोरसुद्धा सांगेल, त्यासाठी माझी डॉक्टरेट कशाला हवी होती कोण जाणे. याआधी दोन वर्षं विषाणूच्या एन्झाइममागे होतो. तिथेही हाती धुपाटणं. सर म्हणतात, झाडं काय आपल्यासाठी उगवतात थोडीच.

७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी इस्पितळात. दादाच्या पायातल्या पुवाचा रिपोर्ट आला. जिवाणू आमच्या ओळखीचा निघाला — तेच एन्झाइम बनवणारा! दोनदा वाचला.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दीड मजल्यावरून खाली आला, हाड मोडलं, सळी घालून जोडलं आणि सळीला हे पाहुणे चिकटले. सर्जनबाई म्हणाल्या, दोन औषधं उरली आहेत, देऊन बघू. वहिनीने मला विचारलं, वन्सं, हे तुमच्याच खात्यातलं ना? म्हटलं, हो. खात्यातलं आहे, हातातलं नाही, हे बोलले नाही.

१२ मार्च, मंगळवार

४१ पिवळं.

१३ मार्च, बुधवार

पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. ४१ म्हणजे ओढ्याकाठच्या एका झुडपाची साल. साली मला आवडत नाहीत. त्यांच्यात टॅनिन असतं आणि ते दिसेल त्या प्रथिनाच्या गळ्यात पडतं, एन्झाइमच्याही. आधी ते काढून टाकायला हवं.

मग साबणाची चाचणी. पाण्यात काही पदार्थांच्या बारीक गुठळ्या होतात, एन्झाइम त्यांना चिकटून बसतं आणि आपल्याला वाटतं, बंद पडलं. डिटर्जंटचा थेंब टाकला की गुठळ्या फुटतात, एन्झाइम सुटतं आणि सगळं लाल. बहुतेक शोध तिथेच गारद होतात. म्हणून सरांचा नियम — साबण होईपर्यंत तोंडाला कुलूप.

१५ मार्च, शुक्रवार

कुलूप मीच तोडलं. इतकी वर्षं पाळलं आणि आज तोडलं.

नर्स पट्टी बदलत होती. दादाने पलंगाची कड घट्ट धरली होती, बघवेना. लक्ष दुसरीकडे न्यायला म्हणून सांगितलं, आमचं एक पिवळं राहिलंय. चेहराच बदलला त्याचा. पुढे मी अजून काहीच सिद्ध नाही, औषध व्हायला दहा वर्षं, असं बरंच काही सांगितलं. त्याने ऐकलं ते 'पिवळं'पर्यंत. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना लगेच वर्दी गेली, आमच्या शंकासुराने मान डोलावली म्हणजे झालंच समजा. लहानपणी मी साखरसुद्धा चाटून बघितल्याशिवाय साखर म्हणायची नाही, तेव्हाचं हे नाव.

१९ मार्च, मंगळवार

सर्जनबाईंनी मला बाहेर बोलावलं. दोन्ही औषधं वाया गेली. पाय गुडघ्याखाली कापायचा, तोही याच आठवड्यात. थांबलं तर गुडघाही जाईल आणि आणखी थांबलं तर जीव. दादा सही करत नाही. माझ्या बहिणीचं औषध येतंय, म्हणतो.

"तुम्ही नक्की काय सांगितलंत त्यांना?" बाईंनी विचारलं.

आत जाऊन दादाला पुन्हा सगळं सांगितलं. प्लेट, मग उंदीर, मग माणसं, मग परवानग्या. ऐकून घेतलं. म्हणाला, "मी थांबतो की. मला कुठे जायचंय?" आणि वर, "ती तुझी साबणाची भानगड होऊ दे. लाल झालं तर सांग, लगेच सही करतो."

वहिनीने मला चहा आणून दिला. रागावली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च, गुरुवार

टॅनिन काढलेलं ४१, अधिक साबण.

आपला प्रयोग फसावा असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. हो बाबा लाल, म्हणत प्लेटकडे बघत बसले होते.

पिवळं. दुसऱ्यांदा पिवळं. साबण जुना असेल म्हणून नवी बाटली फोडली. पिवळं!

सर मागे येऊन उभे होते. "सापडलं गं," म्हणाले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मला राग आला होता. कोणाचा ते सांगता येत नाही. झुडपाचाच बहुधा.

२२ मार्च, शुक्रवार

दुपारी इस्पितळात गेले. जिन्यात वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं.

"दादा, साबण घातला. लाल झालं."

त्याने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग विचारलं, "परत केलंस?"

"तीनदा केलं."

"बरं." वहिनीकडे पेन मागितलं आणि सही केली. वर म्हणतो कसा, चला, धुवायचा एक मोजा कमी झाला. वहिनी त्याच्यावर ओरडली, मग रडली. मी खिडकीतून पार्किंग बघत होते.

घरी येऊन जेवले, झोपलेही. मला वाटलं होतं झोप येणार नाही.

२४ मार्च, रविवार

ऑपरेशन झालं. गुडघा वाचला.

३० मार्च, शनिवार

ताप नाही. जखम कोरडी. सर्जनबाई म्हणाल्या, आणखी चार दिवस थांबला असता तर मी काही करू शकले नसते. हे मी जपून ठेवणार आहे. लागेल.

८ एप्रिल, सोमवार

पोतंभर सालीतून चिमूटभर शुद्ध पदार्थ निघाला. जोरात चालतो. सर शोधनिबंधाला लागले आहेत. तो छापून येईल, कोणीतरी दादाला दाखवील आणि तो तारखा बघेल. मग मी काय सांगणार? पाय परत तर येणार नाही. भीती वाटते, उगाच कशाला नाही म्हणू.

१८ एप्रिल, गुरुवार

चहा पिताना सरांनी दादाची चौकशी केली. म्हणाले, साबणाच्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी डोळे तपासायला त्याच इस्पितळात गेलो होतो, तेव्हा त्याला भेटलो. पिवळं राहिल्याची बातमी मीच दिली त्याला. खूश झाला पोरगा.

सकाळी. मी गेले दुपारी.

दादाला फोन लावला. माहीत होतं, तर सही का केलीस?

"तू माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीस. त्या दिवशी बोललीस. म्हटलं, म्हणजे सर्जनबाई खरं सांगतायत."