दमामच्या वेळेवर चालणारी टाकी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लागत नाय म्हणजे नाय! दुपारपासून हा डबा घेऊन बसलेय. नवऱ्याने, फैजलने, सौदीतल्या दमामहून मित्राच्या हाती पाठवलाय — माशांच्या टाकीचा कंट्रोलर. वायफायला जोडला की पाणी किती गरम, लाइट कधी, सगळं त्याला तिकडून दिसणार. चालवताही येणार. बायको कशी आहे ते नको, पाणी कसंय ते पाहिजे!

आणि शहाण्याने तो आधी आपल्या खोलीत जोडून बघितला, मग पाठवला. आता डबा रोह्यात बसून दमामच्या खोलीचं वायफाय शोधतोय. मी काही बिघडवलं तर? एक जरी मासा मेला तरी माझी खैर नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अब्बासभाई आला पेणहून. माझा भाऊ, इंटरनेटच्या जोडण्या करतो. गाडी कासूला रखडली म्हणून आल्या आल्या वैतागलेला. "पिन दे." स्कार्फची काढून दिली. डब्याच्या भोकात दाबून धरली, जुनं सगळं पुसलं, आमचं वायफाय टाकलं — पकडलं! आता टाकी दोनच फोनवर उघडते, माझ्या आणि फैजलच्या.

संध्याकाळी त्याचा फोन. "दिसतंय गो सगळं!" एवढंच. आवाज बसलेला वाटला. सर्दी असेल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हे काय नवीन! सकाळी सातला लागायची लाइट साडेनऊला लागते. भर दुपारी निळी होते, मग पांढरी, मग बंद. मासे बावरलेत, मी त्यांच्याहून जास्त. अब्बासभाईला फोन केला तर हसत सुटला. "तुझी टाकी अजून सौदीतच हाय!" घड्याळ तिकडचं राहिलं होतं. अडीच तास मागे. फोनवर सांगून त्याने बदलून घेतलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सातच्या ठोक्याला लागली. सुटले!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुन्हा निळी. भर दुपारी. मी समोर उभी होते. पांढरी झाली, पुन्हा निळी.

घड्याळ तर बरोबर आहे. मी फोनला हात लावलेला नाही. म्हणजे फैजल. पण तो तर ड्युटीवर असतो! फोन कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये टाकावा लागतो, म्हणून दिवसा त्याला कधी फोन करायचा नाही — त्यानेच सांगितलेलं.



बुधवार, १२ नोव्हेंबर

रात्रीच्या फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, ड्युटी कशी चाललीय? "मस्त. लई काम हाय." आज दुपारीसुद्धा लाइट खेळवत होता, आणि म्हणे लई काम! पडला असेल का कुठे? हात-पाय मोडून खोलीत? की कामावरून काढलं? या अल्ला, काहीतरी सांग ना रे!

अम्मी म्हणजे माझी सासू. शेजारणीला सांगत होती, "माझा लेक तिकडं राबतोय, म्हणून हितं चूल पेटते." मी आत जाऊन नुसतीच भांडी घासली. घासलेलीच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज ठरवून टाकीसमोर बसले. त्याने निळी केली. मी फोनवरून पांढरी केली. त्याने निळी. मी पांढरी. मग थांबला. कळलं त्याला.

फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, कट. मग राग आला, असा राग आला! ॲपमध्ये टाकीला नाव देता येतं, दोघांनाही तेच दिसतं. मी नाव टाकलं — "मला समजलंय. घरी ये."

चूक तर नाही ना केली?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लाइट हलली नाही. फोन नाही. अम्मी विचारते, "काय झाला गो सफा, तोंड का असा?" काय सांगू!

शनिवार, १५ नोव्हेंबर

टाकीचं नाव बदललंय. "नोकरी गेली. लाज वाटत होती गो. उद्या येतो. अम्मीला मी सांगेन."

उद्या! नोकरी गेली, चूल कशी पेटणार ठाऊक नाही — आणि मी बाई इथे हसतेय, सकाळपासून हसतेय!