पंधरा मिनिटं आधी

अप्पा, अम्मालाही हार्ट अटॅक येऊन गेलाय. आज तिसरा आठवडा. मघाशी मीच तिचं रक्त काढलं. आता काचेची ती बारीक नळी स्टँडला उभी लावलीय आणि मी घड्याळ समोर ठेवून तुम्हाला लिहितोय. तासाभरात तांबडं किती मिलिमीटर खाली बसतं ते बघायचं. भरभर बसलं तर आत दाह आहे, हृदयाची जखम कच्ची आहे. तांबडं उतरतंय. बघवत नाही, आणि नजरही हलत नाही.

तुमच्या वेळी मी जॉर्ज टाउनातल्या एका लॅबोरेटरीत नवा लागलो होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आकडा वीसच्या खाली आला की खुर्चीत बसू दे. तोवर कूससुद्धा दुसऱ्यानं वळवायची." तुम्ही पार वैतागला होतात. मी सुई घेऊन आलो की म्हणायचात, "तुझ्या गोष्टी तर कुणाला कळत नाहीत, माझं रक्त तरी कळेल असं लिही रे!" त्या संध्याकाळी बीचवर चार मित्र माझी नवी गोष्ट ऐकायला जमणार होते. मी सारखा घड्याळ बघतोय, एक पाय चपलेत. पंचेचाळीस मिनिटं झाली. अठरा. आणखी कितीसं उतरणार, म्हणून कागदावर 'एक तास, अठरा' लिहिलं आणि पळालो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ईसीजी बघून जरा घुटमळले, मग माझा कागद बघून म्हणाले, "रक्त चांगलं आहे. बसवा." तिसऱ्या दिवशी तुम्ही आपले आपण उठून स्वयंपाकघरात आलात. अम्मा काफी गाळत होती. "सरी, ठीक आहे, आता माझी मी घेतो," म्हणालात आणि भिंतीला टेकून खाली बसलात. बस, तेवढंच. हृदयाचा मऊ पडलेला भाग फाटला असेल, डॉक्टर म्हणाले, कदाचित पडून राहूनही फाटला असता. त्या 'कदाचित'ला धरून मी आठ वर्षं काढली.

तास भरला. मी आणखी एक मिनिट थांबलो, उगाच. बेचाळीस.

"किती रे?" अम्मानं खाटेवरून विचारलं.

"बेचाळीस. अजून पडून राहायचं."

"अय्यो, अजून? अप्पांना तर तिसऱ्याच आठवड्यात बसवलं होतं. मलाच का ही शिक्षा?"

"त्यांचा आकडा लवकर उतरला होता, अम्मा."

"त्यांना सगळ्याचीच घाई," ती म्हणाली आणि कूस वळवायला माझ्याकडे हात केला.

हा कागद तिच्या हाती पडायच्या आत मी फाडणार आहे. तिनं विश्वास ठेवला, अप्पा, आणि मला बरं वाटलं.