मिशनच्या आडातले टिकल्या

खडकसांगवी, ता. राहुरी
रविवार, १९ एप्रिल २०२६

चि. सत्यवान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद आणि ख्रिस्तात सप्रेम सलाम.

इकडे आम्ही सुखरूप आहोत. आम्ही म्हणजे मी, दोन शेळ्या आणि माझे गुडघे. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मोबाईलवर आपलं ठरलेलं आहे. नाताळला तू घंटेचं चित्र पाठवायचं आणि मी हात जोडलेलं. पण आजची बातमी त्यात मावणार नाही, म्हणून रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा पेन हातात धरलंय.

सत्या, टिकल्या दिसला!

तोच. अर्ध्या बोटाएवढा मासा, कपाळावर चांदीची टिकली, पाण्याच्या अगदी वर जागच्या जागी थांबणारा. लहानपणी तुला कडेवर घेऊन मी बारवेच्या पायऱ्या उतरायचे. तू पाय पाण्यात सोडून बसायचास आणि ते तुझ्या अंगठ्याशी येऊन घुटमळायचे. जवळजवळ वीस वर्षांत मी एकही पाहिला नव्हता. गेल्या मंगळवारी चाळीस पाहिले!

चर्चमागचा मिशनचा आड आठवतो ना, लोखंडी जाळी टाकून बंद केलेला? चर्चच्या कमिटीने तो बुजवून गाड्यांसाठी शेड करायचं ठरवलंय. मंगळवारी जाळी कापायला वेल्डर आला होता आणि मी चहा घेऊन गेले होते. जाळी निघाल्यावर सहज आत डोकावले, तर खाली पाण्यावर चांदीचे ठिपके. मला वाटलं, वेल्डिंगच्या ठिणग्या डोळ्यांत राहिल्या. मग एक ठिपका सर्रकन वळला. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी कमिटीसमोर पालथी पडून आडात मुंडकं घातलं. पाळकसाहेब घाबरून म्हणाले, "प्रार्थनाबाई, चक्कर आली का?" मी म्हणाले, "गप्प बसा, मोजतेय!" पाळकांना असं कोणी बोलत नाही. आता सगळं गाव हसतंय.

पण हसून भागणार नाही. एक जूनला, सोमवारी, आडात मुरूम पडणार. मी हातापाया पडून मे अखेरपर्यंत मुदत मिळवलीय. तोवर हे चाळीस जीव दुसरीकडे हलवले नाहीत, तर खडकसांगवीतला टिकल्या संपला.

जागा एकच, आपली बारव. आणि बारवेत गप्पी आहेत. चिकुनगुन्याच्या साथीत, दोन हजार सहा साली, डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून मी, गावची आरोग्यसेविका, माझ्या हातांनी सोडलेले परदेशी मासे. आता त्यांचा नुसता बुजबुजाट झालाय. बेडकांची पिल्लंसुद्धा हल्ली दिसत नाहीत. त्यांच्यात टिकल्या सोडले तर अंडी आणि पिल्लं गप्पींच्या पोटात जातील. म्हणजे बारव तळापर्यंत उपसायची आणि एकही गप्पी मागे ठेवायचा नाही. एक पोटुशी मादी राहिली तरी वर्षभरात पुन्हा तेच. मच्छरदाणीच्या जाळ्या शिवायला मी कालच घेतल्यात. हात नुसते शिवशिवतायत!

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. मासे हलवताना पाणी कुठलं घ्यायचं? वेळ कोणती बरी? झाकण लावायचं की उघडं ठेवायचं? तू रत्नागिरीला पोरांना हेच शिकवतोस. मी आयुष्यभर मासे फक्त सोडले, वाचवायचे कसे ते मला माहीत नाही.

दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. जुनं काही लिहायला नको, मीही काढत नाही.

तुझी,
अक्का


खडकसांगवी
रविवार, १७ मे २०२६

चि. सत्यवान यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही. पोस्टमन हल्ली माझ्या दारावरून सायकल जोरात हाणतो. असो. बातम्या इतक्या साठल्यात की मी रुसायला बसले तर त्या शिळ्या होतील.

बारव रिकामी झाली! सरपंच चांगुणाबाईंनी दोन पंप दिले, शेजारच्या रानातल्या रामहरीने स्वतःची मोटार लावली. पाणी ओढ्यात जाऊ द्यायचं नाही म्हणून पाईपच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि पाणी रामहरीच्या नांगरलेल्या रानात सोडलं. सहा दिवस! तळ दिसला तेव्हा बाया पायऱ्यांवर टाळ्या वाजवत होत्या. गप्पी घमेल्यांनी निघाले. गावातल्या कोंबड्यांनी ताव मारला. वीस वर्षांपूर्वी मी डबा हातात धरून जिथे फोटो काढून घेतला होता, त्याच पायरीवर उभी राहून मी ते बघत होते.

मग आठ दिवस कडक ऊन दिलं. गाळाला भेगा पडल्या. नंतर झरे आपोआप सुरू झाले, घोटाभर, गुडघाभर. इतकं नितळ पाणी, सत्या! बुधवारी सकाळी मी नाचतच गेले, तर रामहरी पायरीवर बसून पाण्यात बादली ओतत होता.

"काय रे हे?"

"गप्पी, अक्का. दोन बादल्या वाचवून ठिवल्या हुत्या म्या, हौदात. जीव हाय त्यो. समदंच कसं मारायचं?"

मी किंचाळलेच. तो बिचारा उभा राहिला. "तुमीच तर शिकवलं न्हवं? शाळेत आल्ता तवा. गप्पी म्हंजी डाक्टर हाय, त्येला मारू नगा. मी तिसरीत हुतो."

मी म्हणालेच होते. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहूनही घेतलं होतं. त्याने दया म्हणून ओतले, मीही दयाच समजून ओतले होते. आधी मी हसले, मग तिथेच पायरीवर बसून रडले. रामहरी घाबरून म्हणाला, "अक्का, परत उपसू की. त्यात काय येवडं!" आणि खरंच, दुपारपासून मोटार पुन्हा चालू आहे. आता रात्रंदिवस राखण तोच करतो. कोणी बाटलीतून पाणी आणलं तरी हुंगून बघतो.

पण त्या पायरीवर बसल्यावर जे आठवलं, ते आता लिहिते. जुनं काढत नाही म्हणाले होते, पण ते जमणार नाही.

गप्पी सोडायच्या आदल्या दिवशी तू म्हणाला होतास, "अक्का, टिकल्या अळ्याच खातो. बाहेरचा मासा कशाला?" मी चार माणसांत तुला म्हणाले, "आईच्या हातापायांपेक्षा तुला मासे मोठे झाले का?" आईची बोटं तेव्हा सुजून भाकरी मोडत नव्हती. ते दुखणं खरं होतं, माझी भीतीही खरी होती, ती मी मागे घेत नाही. पण टिकल्याचं तू बरोबर सांगत होतास. मी ऐकलं नाही, कारण तू लहान होतास आणि माझ्या अंगावर सरकारी साडी होती.

हे तुला माहीत आहेच. आता जे मी कबूल केलं नाही ते.

पुढच्या वर्षीच्या नाताळात मी करंज्या तळत होते. तू आत आलास, बॅग खाली न ठेवता विचारलंस, "टिकल्या आहेत?" मी म्हणाले, "भरपूर आहेत." सत्या, मला माहीत होतं की नाहीत. त्या पावसाळ्यापासून ड्यूटीवरून येताना मी रोज बारवेत बघत होते. शेवटचा ऑगस्टमध्ये दिसला, शेपटी कुरतडलेली. नंतर एकही नाही. पण भिंतीवर गप्पी सोडल्याबद्दलचं तालुक्याचं प्रशस्तिपत्र लावलेलं होतं, आणि तुझ्यासमोर ते उतरवायची माझी हिंमत झाली नाही. तू बारवेवर जाऊन आलास. करंजी खाल्ली नाहीस. संध्याकाळच्या एसटीने गेलास. त्यानंतर आईच्या मातीला आलास, तेव्हाही आपण खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो.

मासे गेले म्हणून नाही, मी खोटं बोलले म्हणून तू गेलास. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कबूल करायला एकोणीस वर्षं लावली.

आणि परवा जेम्सकाकांनी वर कळस चढवला. चर्चची घंटा वाजवणारे आपले काका, आता नव्वदीचे आहेत. मी विचारलं, "काका, बंद आडात हे मासे आले कुठून?" ते म्हणाले, "तुझ्या भावानं आनून सोडले, जाळीतून. अल्युमिन्याची किटली हुती. तू बारवेत ते दुसरे सोडायच्या आदल्या सांजंला. मला शपथ घातली पोरानं. म्हनला, काका, अक्काला सांगू नका. तिला कळलं तर ती हितंबी गप्पी सोडील."

सत्या, सोडले असते रे. रजिस्टरला नोंदही केली असती.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी असा काही आनंद झाला की मी काकांचे हात धरून ओरडले. तू वाचवले होतेस! मी बारवेत संपवत होते, तेव्हा तू दोनशे पावलांवर लपवून ठेवत होतास, माझ्यापासून! आता ते माझ्या हाती लागलेत, तर मला ते मारून चालणार नाही. शनिवारी, तीस मेला सकाळी ते बारवेत सोडायचे. सोडायला तू हवास. नाही आलास तर निदान झाकणाचं कळव.

तुझी,
अक्का


खडकसांगवी
रविवार, ३१ मे २०२६

प्रिय सत्या,

किटली मिळाली! राहुरी स्टँडवर पार्सल घेताना मी कागद तिथेच फाडला. आतून अल्युमिन्याची तीच किटली निघाली, कडीला अजून आईने गुंडाळलेली चिंधी. वीस वर्षं ती तू जपून ठेवलीस आणि मी समजत होते भंगारात गेली. कंट्रोलर म्हणाला, "मावशी, रडू नका, पार्सल चेपलं असेल तर तक्रार लिहा."

आत तुझी चिठ्ठी. नमस्कार नाही, सलाम नाही. "पाणी आडाचंच घे. ऊन चढायच्या आत हलव. झाकण लावू नकोस, ओलं फडकं बांध, ते उड्या मारतात. किटली बारवेच्या पाण्यात अर्धा तास तशीच ठेव, मग हळू कलती कर. घाई करू नकोस." आणि खाली, वेगळ्या ओळीत, "टिकल्या आहेत?"

पहिल्या सगळ्या ओळी मी पाळल्या. काल पहाटे साडेपाचला रामहरी दोर बांधून आडात उतरला. मी वर मच्छरदाणी धरून बसले. पंधरा-वीसच्या दोन खेपा केल्या. चांगुणाबाई माणसं आवरत होत्या, कारण निम्मं गाव आलं होतं. जेम्सकाकांनी न सांगता घंटा वाजवली. अर्धा तास किटली धरून मी पुन्हा भरलेल्या बारवेत कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि गुडघे दुखायचे विसरून गेले. कलती केली तेव्हा आधी एकही बाहेर येईना. मग एक आला. कडेच्या दगडाशी जाऊन थांबला, टिकली वर करून. मागून सगळे. बाया ओरडल्या, "गेलं, गेलं, घरला गेलं!" आणि मीही ओरडले.

आता शेवटच्या ओळीचं उत्तर. तोच प्रश्न तू पुन्हा विचारलास, म्हणून मोजून देते.

चाळीस नाहीत. आडातून काढताना दोन दगावले, किटलीत चार. पहिल्या खेपेला मी जास्त भरले, ती चूक माझी. चौतीस सोडले. आज चर्चनंतर जाऊन मोजले तर एकतीस दिसले. बाकीचे तीन पायरीखाली असतील, किंवा नसतील. आणि दुपारी कोनाड्याच्या सावलीत मला एक गप्पी दिसला. एकच. नर की मादी ते कळलं नाही. रामहरी आणि मी आळीपाळीने जाळी घेऊन बसलोय, अजून सापडलेला नाही. बेणं फार चपळ आहे.

ही शेवटची बातमी गाळली असती तर पत्र किती गोड झालं असतं. माझा हात थांबलाही होता.

उद्या सकाळी आडात मुरूम पडेल. प्रशस्तिपत्र मी भिंतीवरून उतरवलंय, तिथला चुना पांढरा दिसतो. करंज्यांचं सारण करून ठेवलंय, तळेन तू आल्यावर.

आहेत, सत्या. भरपूर नाहीत. येऊन मोज.

अक्का