मधला तुकडा

आत्याबाई, तुमची नात, माझी लेक, आज सकाळी पुण्याला परत गेली. आठवडाभर राहिली. येताना गाडीतून ओव्हन घेऊन आली होती, तो इथंच ठेवून गेली. "तुला उपयोगी पडेल" म्हणाली, जणू मी रोज उठून केक भाजणार आहे. तुमचे चिरंजीव शेतात गेलेत. ओट्यावर वाळलेलं चॉकलेट खरवडून काढता काढता मी थांबले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा आडपडदा ठेवायचं काही कारण नाही. मला तुमचा हेवा वाटतो. तुम्ही होतात तेव्हाही वाटायचा, पण सकाळची एसटी गाठायची, पेपर तपासायचे, यात त्याला हेवा म्हणतात हे लक्षात यायलाही सवड नव्हती. आता निवृत्त झाले आहे. आता सवडच सवड आहे.

ब्राउनी म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं. केकच, पण मुद्दाम फुगू न दिलेला. लोणी आणि चॉकलेट एकत्र वितळवायचं, त्यात साखर, अंडी आणि नावापुरता मैदा. तुमच्या नातीनं त्यात आपल्या विहिरीजवळच्या झाडाचे चिकू कुस्करून घातले आणि सुक्या अंजिराचे तुकडे. भाजलं की वर पातळ पापुद्रा धरतो, कडा कडक होतात आणि मध्ये मात्र ओला, दाट, दाताला चिकटणारा भाग राहतो. तो तसा राहावा म्हणूनच सगळी खटपट असते. पहिल्या दिवशी तिनं ट्रे काढला, निवूही दिला नाही, मधोमध सुरी घातली आणि एक घास तोंडात टाकून डोळे मिटले.

"आई, ओळखलंस का?"

"काय ओळखायचं?"

"आजीचा केक गं! मध्ये अगदी असाच असायचा."

"तो कच्चा असायचा," मी म्हणाले. "तुझ्या आजीला धीर नव्हता."

"तेच तर!" म्हणून ती हसली, तशीच, खांदे उडवून, जशी तुमच्या मांडीवर बसून हसायची. मग तिनं ट्रेची एक अख्खी कड कापली, माझ्या ताटलीत ठेवली आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. "ही तुझी. मऊ तुला आवडत नाही ना. आजीनं मला शिकवून ठेवलंय, काहीही केलं तरी आईची कड आधी काढून ठेवायची." चाळिशीला आलेली बाई आहे ती आता, तिची मुलगी शाळेत जाते, ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत. पण तुम्ही सांगितलेलं ती अजून पाळते. मी सांगितलेलं काय पाळते, ते आठवायचा मी प्रयत्न केला. पाठ ताठ ठेवून बस, एवढं मी सांगत असे. तेही ती पाळत नाही.

तो केक तुम्हाला कुणी शिकवला हे मला कधीच कळलं नाही. रवा, गूळ, दूध आणि फार पिकून काळी पडलेली केळी. मोठ्या पातेल्यात वाळू, तिच्यात हे लहान पातेलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. संध्याकाळी मी जामखेडहून शाळा करून एसटीनं खर्ड्याला उतरायची आणि वेशीतून आत येईतो मला गुळाचा वास यायचा. घरात यावं तर तुम्ही दोघी चुलीपाशी. झाकण काढलेलं असायचं, वेळेआधीच, कारण तुम्हा दोघींपैकी कुणालाच दम निघायचा नाही. ती तुमच्या मांडीवर, तिचं बोट पातेल्यात आणि तुमचंही बोट पातेल्यात. मध्यभागी खड्डा पडलेला. मी उंबऱ्यात उभी राहते, खांद्यावर पर्स, हाताला खडू, आणि तुम्हा दोघींपैकी कुणालाही मी आल्याचं कळत नाही. ते दृश्य मला अजून दिसतं. त्यात मी दारातच असते.

एकदा मी रागावले होते. पोरीचं पोट बिघडलं होतं आणि तुम्ही तिला पुन्हा तेच भरवत होतात. "आत्याबाई, कच्चं देत जाऊ नका तिला," मी म्हणाले. वर्गात बोलावं तशी बोलले असेन, मला दुसरी रीत येत नाही. तुम्ही तोंड न फिरवता म्हणालात, "तुज्या शाळंतली पोरं हायेत की तुला शिकवायला. ही माजी हाय." आणि ती, माझी लेक, फिदीफिदी हसली. तुम्ही चेष्टेनं म्हणाला असाल. तुमचं निम्मं बोलणं चेष्टेचंच असायचं. मी त्या रात्री जेवले नाही आणि तुम्ही ते पाहिलं, कारण सकाळी माझ्या डब्यात तुम्ही न सांगता शेंगदाण्याची पोळी घातली होतीत. मी ती स्टाफरूममध्ये वाटून टाकली.

तुम्ही नसतात तर माझी नोकरी झाली नसती, हे मला मान्य आहे. "जा तू. पोर म्या बगते" असं तुम्ही म्हणालात तेव्हा आपल्या भावकीत कुणाची सासू असं म्हणत नव्हती. पण ज्याचे उपकार आहेत त्याचा हेवा करू नये असा काही नियम माझ्या वाचनात नाही. तुम्ही मला बाहेर जाऊ दिलंत आणि मी बाहेर असताना घरातली सगळ्यात चांगली वस्तू तुमच्या मांडीवर बसून राहिली.

आता कडेचं. त्याचा दोष निम्मा माझा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तुम्ही तो केक केला होतात. पुरुषांची पंगत उठली, पोरंटोरं झाली, पाहुण्या बायका झाल्या, आणि शेवटी आपण दोघी बसलो तेव्हा पातेल्यात फक्त कडेला धरलेलं उरलं होतं. तुम्ही ते उलथण्यानं काढत म्हणालात, "पोरी, तुला निस्ती करपल्याली कड ऱ्हायली गं." मी नगरच्या कॉलेजात शिकलेली, चार माणसांत कसं वागावं हे जाणणारी. मी म्हणाले, "मला कडच आवडते." तुमचा चेहरा असा खुलला! "बरं झालं बाई, ह्या घरात कुनीतरी कड खानारं आलं," म्हणालात. तिथं माझं नशीब ठरलं. त्यानंतर तुम्ही किती वेळा केक केलात आणि किती वेळा मी थकून भागून घरी आल्यावर वाटीखालून ती काळी, कडक कड काढून माझ्यापुढं ठेवलीत! "कुनाला हात लावू दिला न्हाई. म्या झाकून ठिवली तुज्यासाठी." आणि मी खायची. कडूशार लागायची. दात दुखायचे. पोरगी तुमच्या मांडीवरून माझ्याकडं बघत असायची, तोंडाला गूळ लागलेला. आत्याबाई, मी माझ्या स्वतःच्या पोटच्या पोरीच्या तोंडाला लागलेल्या गुळाचा हेवा केला आहे.

परवा तुमची नात आणि तुमचे चिरंजीव मिरजगावला साखरपुड्याला गेले. मी गुडघ्याचं निमित्त सांगून घरी राहिले आणि ती वळणाआड जाताच ओव्हन लावला. मला माझ्या हातानं ते करायचं होतं. आणि खरं सांगायचं तर कुणी समोर नसताना मधोमध सुरी घालून मधला तुकडा खायचा होता. चॉकलेट जामखेडच्या केकच्या सामानाच्या दुकानातून आदल्याच दिवशी आणून डाळीच्या डब्यामागं ठेवलं होतं. सगळं मोजून घेतलं. चिकू तिच्यापेक्षा बारीक कुस्करले, एक गाठ राहू दिली नाही. ट्रे आत गेला आणि मी विणकामाची सुई घेऊन समोर खुर्ची टाकून बसले. वास सुटला. सुई घातली, ओली निघाली. आत्ता काढायला हवं, हे मला माहीत होतं. आच बंद केली तरी आतली उष्णता शिजवत राहते, हा धडा मी नोकरीभर शिकवला आहे. पण ओल्या सुईकडं बघून माझा हात दाराकडं जाईना. अर्धवट उत्तराला मी कधी मार्क दिले नाहीत. थोडं आणखी, म्हटलं. मग आणखी थोडं. सुई कोरडी ठणठणीत निघाली तेव्हाच मी दार उघडलं.

तो ट्रे तसाच ओट्यावर होता तेव्हा ती दोघं आली.

"अरे वा," तुमचे चिरंजीव म्हणाले. "खारी केलीस?"

लेकीनं एक तुकडा उचलला. तो टक्कन मोडला. "आई! किती वेळ ठेवलंस?"

"सुई कोरडी निघेपर्यंत."

"अगं, कोरडी निघाली म्हणजे वेळ टळली. सुईला थोडं लागलेलं असतानाच काढायचं, पुढचं आपलं आपण होतं."

"मला शिकवू नकोस. मी शिकवलंय ते."

"मग?"

मी सुई धुवायला घेतली. ती ट्रेकडं बघत राहिली आणि एकदम तिला हसू फुटलं. "असू दे. उलट तुझ्या मनासारखंच झालंय की! सगळी कडच कड." तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. तिला खरंच वाटलं की मी माझ्या आवडीचं करून घेतलं. तुमच्या चिरंजीवांनी चहात बुडवून पाच-सहा तुकडे संपवले, वर म्हणाले, "टिकाऊ आहे." मीही बुडवून खाल्लं. माझ्या ट्रेला मधला भाग झालाच नव्हता.

आज पहाटे ती उठून पुन्हा ब्राउनी करत होती, तिच्या मुलीसाठी न्यायला. ट्रे निवल्यावर तिनं चारही बाजूंच्या कडा सरळ, सुबक कापल्या आणि माझ्या स्टीलच्या डब्यात रचल्या. मग मधल्या भागाचे चौकोन करून एकेक कागदात गुंडाळायला लागली. मी शेजारी उभी. मनात वाक्य तयार होतं. इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

"त्यातला एक ठेव," मी म्हणाले.

"मधला?" तिचा हात थांबला. "कुणाला?"

ती माझ्याकडं बघत होती. तिला खरंच कळत नव्हतं, की या घरात आणखी कुणाला तो हवा असेल. कडांचा डबा तिच्या कोपराशी होता, एकावर एक नीट लावलेल्या, तुम्ही लावल्या असत्यात तशा. नाही म्हटलं तरी त्यात तिचा अभिमान होता, आजीचा शब्द न विसरल्याचा. मला कड आवडत नाही, कधीच आवडली नाही, हे मी तिथं म्हटलं असतं तर तुमची प्रत्येक वाटी, झाकून ठेवलेली प्रत्येक कड तिच्यासमोर उताणी पडली असती. तुमची माझ्यावर माया होती याची तेवढी एकच खूण तिच्यापाशी आहे.

"बाबांना हवाय का?" तीच म्हणाली.

"हो. त्यांना."

"शुगर आहे ना गं त्यांना?"

"एका तुकड्यानं काही होत नाही."

"बघ हं, संध्याकाळी दे, जेवणावर नको." तिनं अगदी मधोमधचा चौकोन निवडला, ज्यात अंजिराचा मोठा तुकडा होता, आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. बाहेर तुमचे चिरंजीव गाडीत पिशव्या ठेवत होते. ती वाकून पाया पडली, आधी भिंतीवरच्या तुमच्या फोटोला, मग मला. नेहमीचाच क्रम.

गाडी गेल्यावर मी तो तुकडा वाटीखाली ठेवला. संध्याकाळी चहाबरोबर यांना द्यायचा असं ठरवून ठेवला, हे मी शपथेवर सांगते. मग ओटा पुसायला घेतला, मग हे लिहायला. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, लेकीला तर नाहीच, तिला वाटेल आई म्हातारपणी आजीशी भांडायला लागली. लिहिता लिहिता, ती आज पहाटे मधले चौकोन कागदात गुंडाळत होती तिथपर्यंत आले आणि उठून वाटी काढली.

खाल्ला, आत्याबाई. ओट्याशी उभ्यानंच, सगळा. संध्याकाळी तुमच्या चिरंजीवांना डब्यातली कड मिळेल. तुकडा मऊ होता, अंजिराच्या बिया दाताखाली येत होत्या, कागदाला लागलेलं मी बोटानं पुसून घेतलं. फार चांगला होता. तुमच्या केकसारखा होता का, ते मला सांगता येणार नाही. त्याचा मधला भाग मी कधी खाल्लेलाच नाही.