दारावरून पुढं गेलेलं ताट

प्रिय निता,

मी शिला. तुझ्या संतोषदादाची बायको. नात्यानं तुझी वहिनी, पण अजून आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. तुझा फोटो मात्र मी पाहिलाय. तुझ्या आईच्या, आपल्या याडीच्या पेटीत, तिच्या जुन्या फेटिया घागऱ्याच्या घडीत तिनं तो दडवून ठेवलाय. तू आणि विश्वंभरराव, दोघांच्या गळ्यात हार, आणि तुझं नाक थेट तुझ्या बाचं. नणंदेला पहिल्याच पत्रात गोडगोड लिहायची रीत असेल, पण माझ्या जिभेला हाड नाही हे उद्या कुणीतरी तुला सांगणारच, म्हणून मीच सांगून टाकते. मला तुझा राग आलाय. तो का आलाय ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

मागच्या साली वसमतच्या बाजारात आपल्या शेजारची चतुराबाई तुला भेटली होती. तिच्याजवळ तू निरोप दिलास: माणूस मेलं की त्याच्या नावानं घरची माणसं एखादी आवडीची वस्तू सोडतात, तसं बानं माझ्या नावानं मटण सोडलं आणि गळ्यात माळ घातली, मग आता मेलेल्या पोरीच्या दारात त्यानं यायचं नाही, आला तर दार लावून घेईन. चतुराबाईनं निरोप जसाच्या तसा पोचवला, एरवी लावते तसं तिखटमीठसुद्धा लावलं नाही. तुझ्या बाला मी मामा म्हणते. मामा तेव्हा बैलाला पाणी दाखवत होते. बैल पिऊन बाजूला झाला तरी ते बादली धरून तसेच वाकून उभे राहिले. निता, तू समजतेस तसं ते नव्हतंच. माळ का आली ते तुला माहीत नाही. मलाही नव्हतं, आणि मी तर त्या माळेपायीच या घरात आले.

माझं माहेर कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातलं. माझे काका नाक्यावरच्या ढाब्यावर बसले की घरी कधी येतील याचा नेम नसायचा. त्यामुळं माझ्या वडिलांच्या, भीमसिंगच्या, डोक्यात एकच बसलेलं: पोरगी द्यायची तर माळकऱ्याच्या घरात. तुमचं स्थळ आलं. सासरा माळकरी, घरात दारू नाही, मटण नाही. वडील एवढे खूश झाले की पुढं काही विचारायचंच राहिलं. आणि मला कोण विचारतंय? रक्त घालून शिजवलेल्या बोकडाच्या सळोईचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटणारी मी, मला नेऊन दिलं वरणवांग्याच्या घरात! पहिल्याच महिन्यात मी अंड्यावरून याडीशी भांडले. मागच्या अंगणात तिनं तीन दगड मांडून दिले, एक जुना तवा दिला, आणि अंडी फोडताना टरफलं लांब टाक म्हणाली.

मग देवीचा बोकड आला. आपल्या तांड्यात बोकड कापला की घरामागे एक वाटा, हे तुला सांगायला नको. घरात दहा माणसं असोत नाहीतर एकटी म्हातारी असो, वाटा बराबर सारखा. ताटं आमच्या दारावरून पुढं जाताना मी पाहिली आणि मनाला समजावलं, माळकऱ्याचं घर आहे बाई, गप बस. पण मटणामागून खोबऱ्याचा आणि गुळाचा प्रसाद निघाला. तो चतुराबाईकडं गेला, आणि आमचं दार सोडून पलीकडच्या घरी गेला. आता मला सांग, माळकऱ्याला खोबरं काहून चालत नाही? तिथं माझं डोकं ठणकलं. मी याडीला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि म्हटलं, खरं काय ते सांग, न्हाईतर आजच्या आज माहेरी चालले.

तेव्हा तिनं सांगितलं. तुझं लग्न झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तांड्यात बोकड होता. पोरगी जातीबाहेर गेली म्हणून मोहनसिंगच्या, म्हणजे मामांच्या, घरी वाटा जायचा नाही, असं तांड्याच्या नायकानं, नेमसिंगनं, ठरवून टाकलं, आणि मामांना कुणी सांगितलंही नाही. बोकड कापायला आख्खा तांडा ज्या माणसाला हाक मारायचा, तो चूल पेटवून, पातेल्यात तेल घालून दारात उभा. ताट समोरून आलं आणि दारावरून पुढं गेलं. नेणाऱ्यानं मान खाली घातली. याडी म्हणाली, तेल जळून घरात धूर झाला तरी हे दारातून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा नामदेवांच्या नरसीला गेले. कुठल्या महाराजांकडून माळ घेतली नाही, उपदेश नाही, काही नाही. देवळाबाहेरच्या दुकानातून विकत घेतली आणि दुकानाच्याच आरशात बघून गळ्यात घातली. तसेच परत आले ते नायकाच्या दारात, आणि चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, माझ्या घरी आता वाटा पाठवू नका, मी सोडलं. ज्यांनी ह्यांना टाकलं, त्यांनाच ह्यांनी सांगितलं की मी सोडलं! नायकालाही ते बरंच पडलं. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे म्हणतात, पण ताट आलं नाही म्हणून कोण कुठं तक्रार घेऊन जातंय? हळूहळू लोक मामांना महाराज म्हणायला लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोण?

म्हणून म्हणते, त्यांनी तुला मेलेली समजून मटण सोडलेलं नाही. पोरीपायी मोहनसिंगचा वाटा गेला, हे वाक्य तांड्यात कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून सोडलं. मला मात्र हे कळल्यावर त्यांचा संताप आला. माझ्या बापाला माळ दाखवून पोरगी घेतली, ही फसवणूकच की! कितीतरी दिवस मी त्यांना ताट वाढायचे आणि न बोलता पाठ फिरवायचे. ते निमूट जेवायचे. एकदा मी भाजीत मीठ घालायचं विसरले, तर तशीच खाल्ली त्यांनी, आणि उठताना भाजी चांगली झाली म्हणाले. अशा माणसावर किती दिवस रुसायचं?

यंदा मला दिवस गेले. डोहाळे कसले, तर मटणाच्या रश्श्याचे. चतुराबाई भिंतीवरून वाटी द्यायची आणि दुसरीकडंच बघत उभी राहायची. इकडं संतोषच्या डोक्यानं घेतलं की आपलं लेकरू असं टाकलेल्या घरात वाढायचं नाही. उद्या त्याच्या कार्याला कोण येणार, त्याला पोरगी कोण देणार? तो नायकाकडं फेऱ्या मारू लागला आणि शेवटी तोड निघाली. देवीच्या बोकडाचा वाटा घरी येईल. मामांनी माळ काढायची, चार माणसांसमोर एक घास खायचा, आणि निता नावाची पोरगी माझी नाही एवढं म्हणायचं. झालं. आणि तुला खरं सांगते निता, मी संतोषच्याच बाजूनं होते. तू माझी कोण? न पाहिलेली नणंद. माझ्या पोटातल्या लेकराला तांडा हवा होता. आणि वाटा तर मलाच हवा होता.

गेल्या मंगळवारी सकाळी नायक माणसं घेऊन आले. स्टीलचं ताट, वर फडकं. ताटात कच्चा वाटा आणि एका वाटीत शिजवलेली एक फोड, घास घ्यायला. याडीनं उजाडायच्या आत मसाला वाटून ठेवला होता आणि कुणी न सांगता पुन्हा वाटायला बसली होती. बायका आपापल्या दारात उभ्या. मामा बाजेवर बसलेले. फडकं काढल्याबरोबर वास आला, आणि देवाशप्पथ, माझ्या पोटातलं लेकरू हललं. संतोष म्हणाला, माळ काढा बा. मामांनी दोन्ही हात मानेमागं नेले. बोटं गाठीवर गेलेली मला दिसली. मी दाराची चौकट घट्ट धरली. तेवढ्यात त्यांनी नायकाला विचारलं, घास खाल्ल्यावर काय म्हणायचं ते एकडाव पुन्हा सांग. नायकानं सांगितलं. मामांनी हात खाली घेतले.

"ही माळ मी देवासाठी घातली न्हाई," ते म्हणाले. "वाटा आला न्हाई ती लाज झाकाया घातली. आता वाटा घ्यायचा तं पोरगी न्हाई म्हणावं लागून राहिलं. मंग ऱ्हाऊ द्या गळ्यात. निता माझी हाय."

मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं. नायक शांतपणे म्हणाले, "मोहनसिंग, इचार कर. ताट माघारी गेलं की पुन्हा येत न्हाई." फडकं उचलून मामांनी स्वतःच ताटावर नीट झाकलं. ताट गेलं. संतोष माझ्याकडं बघत राहिला, मी काहीतरी बोलेन, सासऱ्याला समजावेन, असं त्याला वाटलं असेल. मला तेवढी बुद्धी झाली नाही, किंवा झाली म्हण. मी जाऊन मामांच्या बाजेच्या कडेला बसले. मग तोही ताटामागं निघून गेला आणि पंगतीत जेवून आला. वाटलेला मसाला वाया जायला नको म्हणून याडीनं वांग्यात घातला.

त्या दिवसापासून घरात दोन चुली नाहीत एवढंच, बाकी सगळं वेगळं झालंय. संतोष बापाशी बोलत नाही, माझ्याशी कामापुरतं बोलतो. माझ्या वडिलांना कुणीतरी फोन करून सगळं कळवलं. ते म्हणतात, फसवणाऱ्या घरात राहू नको, बाळंतपणाला ये ती परत जाऊच नको. मी येते म्हणाले नाही, येत नाही असंही म्हणाले नाही. तिकडं मामा टाळ धरायला जायचे त्या शेजारच्या गावच्या भजनातही बातमी गेली. देवासाठी न घातलेली माळ म्हणून त्यांनी मामांच्या हातातला टाळ काढून घेतला. तेलही गेलं, तूपही गेलं, तशी गत. मी म्हटलं, मामा, आता काय राहिलंय लपवायचं? हिंगोलीहून चांगलं मटण मागवते, माझ्यासोबत खा. तर म्हणाले, "ईकतच्या मटणात काय हाय, लेकरा? दुसऱ्याच्या घरी बी तेच शिजून राहिलं, म्हणून त्याला चव." मी मागवलेलं एकटीनं खाल्लं. सांगायला लाज वाटते, पण पोटभर नाही गेलं.

परवा याडीनं त्यांना विचारलं, पोरीला एकडाव भेटून काहून येत न्हाई? ते म्हणाले, कोणत्या तोंडानं जाऊ, ती दार लावून घेईल. निता, चतुराबाईजवळ तुझा नंबर आहे. फोन केला असता तर हे सगळं तुला बसल्या जागी सांगून झालं असतं. पण मी मामांना म्हटलं, माझी एक चिठ्ठी कुरुंद्याला नणंदेच्या हातात द्यायची आहे, बायकांची गोष्ट आहे, फोनवर बोलता येत नाही, आणि उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही. पोटुशी सून मागतेय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून ते एसटीला निघतील. त्यांना अक्षर येत नाही, चिठ्ठीत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. मी ती मुद्दाम लांबवलीय. तू दार उघडून चिठ्ठी हातात घेशील, वाचायला लागशील, आणि जोवर तू वाचतेस तोवर त्यांना तिथं उभं राहायला कारण आहे, तुझ्याकडं बघायला सवड आहे. आता माझ्याजवळ लिहायला काही उरलं नाही. कागद खाली ठेव आणि वर बघ.

तुझीच, अजून न पाहिलेली वहिनी,
शिला